दुपट्यावरचा थीटा

या वेळचं पत्र ग्रीसमधून आलं आहे. लिहिणारी मैत्रीण तेहतीस वर्षांची, मूळची सांगलीकडची, पाच वर्षांपासून थेसालोनिकी शहरात राहते. नवरा ग्रीक, लग्न नोंदणी पद्धतीनं. मुलगी चार महिन्यांची झाली तरी तिचं नाव ठरलेलं नाही. घरात सगळे तिला ‘बेबा’ म्हणतात. तिकडच्या रिवाजानं पहिल्या मुलीला वडिलांच्या आईचं नाव देतात, आणि सासूबाईंचं नाव आहे थेओदोरा. त्या तोंडानं काही बोललेल्या नाहीत. पण त्यांनी बाळासाठी दुपटं विणलं आणि त्याच्या कोपऱ्यात थीटा हे अक्षर, म्हणजे ग्रीकमधल्या थेओदोराचं पहिलं अक्षर, भरलं. नवरा ‘तू ठरव’ म्हणतो, पण दुसरं कुठलंही नाव सुचवलं की गप्प होतो. इकडे आईचं म्हणणं, जिवंत माणसाचं नाव लेकराला ठेवत नाहीत, शिवाय आपलं घराणं दत्तभक्तांचं, वाडीची वारी चुकवलेली नाही, त्यात हे ख्रिस्ती नाव कुठून आणलं? भावानं इंटरनेटवर वाचून कळवलं की थेओदोरा नावाची सम्राज्ञी आधी नाचगाणं करणारी, वेश्या होती. मैत्रीण लिहिते, ‘आपल्याकडे निदान आईला विचारतात. इथे सगळं आधीच ठरलेलं आहे. मी हो म्हटलं तर मुलगी माझी राहणार नाही असं वाटतं. ताई, काय करू?’

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रात सम्राज्ञीबद्दल चार ओळी आहेत, धर्माबद्दल दोन, आणि दुपट्याबद्दल जवळजवळ पानभर मजकूर आहे. पांढरी लोकर, कडेला क्रोशाची झालर, कोपऱ्यात निळ्या धाग्याचं गोल आणि त्याच्या पोटात आडवी रेघ. ते बघून तुझ्या पोटात गोळा आला. तरी तू बाळाला रोज त्याच दुपट्यात गुंडाळून समुद्राकाठी फिरायला नेतेस, कारण ते उबदार आहे. हे तू लपवलं नाहीस, म्हणून मलाही तुझ्याशी मोकळेपणानं बोलता येईल.

आधी भावाचा मुद्दा घेऊ. ऐकायला तो सगळ्यात भयंकर आहे.

ती बायझंटाईन सम्राज्ञी साधारण इसवी सन 500 च्या सुमारास जन्मली. बाप कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या, शर्यतींच्या मैदानात अस्वलं सांभाळायचा. तो लवकर वारला. आईनं दुसरा घरोबा केला आणि त्या माणसाला तेच काम मिळावं म्हणून तीन चिमुरड्या पोरींना फुलांच्या माळा घालून भरल्या मैदानात लोकांपुढे उभं केलं. त्यातली एक थेओदोरा. पुढे ती रंगमंचावर गेली. त्या काळी तिथला समाज नटी आणि वेश्या यांत भेद करत नव्हता. उमरावानं नटीशी लग्न करायला कायद्यानं मनाई होती, ती पुढे सम्राट झालेल्या जस्टिनियनसाठी उठवावी लागली, तेव्हा कुठे लग्न झालं. 527 साली ती सम्राज्ञी झाली. 532 च्या दंगलीत राजधानी जळत होती, सम्राट आणि त्याचे सल्लागार जहाजात बसून पळायच्या बेतात होते. तेव्हा ती म्हणाली की मी पळणार नाही, राजवस्त्र अंगावर असताना मरण आलं तर त्याहून चांगलं कफन कुठलं. सम्राट थांबला आणि राज्य टिकलं.

तुझ्या भावानं वाचलेला मजकूर मुख्यतः एकाच पुस्तकातून येतो, प्रोकोपियसच्या ‘गुप्त इतिहासा’तून. हा लेखक दरबारी होता. हयातीत त्यानं राजाराणीची स्तुतीही लिहिली, आणि दंगलीच्या वेळचं ते बाणेदार भाषणही त्याच्याच दुसऱ्या ग्रंथात आहे. हे पुस्तक मात्र त्यानं लपवून ठेवलं. ते छापलं गेलं थेट 1623 साली. त्यात सम्राट जस्टिनियन रात्री राजवाड्यात बिनमुंडक्याचा हिंडायचा असंही लिहिलंय. भावाला एवढंच विचार, यातलं एक खरं आणि दुसरं खोटं हे त्यानं कशावरून ठरवलं?

आणि समजा, त्यातलं निम्मं खरं असेल. गरिबीनं मैदानात उभी केलेली पोर सम्राज्ञी झाल्यावर काय करते? फसवून धंद्याला लावलेल्या मुलींना सोडवायला कायदे झाले, त्यांच्या निवाऱ्यासाठी बॉस्फरसच्या काठी मठ उभा राहिला, या दोन्हींमागे तिचा हात होता. तमाशातल्या बाईच्या वाट्याला आपल्या समाजानं काय वाढलं ते तुला सांगायला नको. अशा घरातून येऊन मागच्यांना न विसरणाऱ्या बाईची लाज कुणाला वाटायला हवी? तिच्या नवऱ्याच्या राज्यात ज्यांना पाखंडी ठरवलं होतं त्या सीरियन ख्रिश्चनांना तिनं आसरा दिला. तिच्या पाठिंब्यानं याकोब बरादेउस बिशप झाला, आणि त्याच्या नावावरून त्या पंथाला याकोबी म्हणू लागले. केरळात आजही याकोबी ख्रिस्ती आहेत. म्हणजे तिच्या एका निर्णयाचा धागा आपल्या देशापर्यंत आलेला आहे.

पण मला त्याहून मोठा प्रश्न भावाला विचारावासा वाटतो. या नावाची ती एकटीच होती का? इंटरनेटवर पहिल्यांदा जी येते तीच खरी, असं आपण धरून चालतो. नवव्या शतकात दुसरी सम्राज्ञी थेओदोरा होऊन गेली. तिचा नवरा थेओफिलोस मूर्तिचित्रांच्या विरोधात. राज्यभर पूज्य चित्रं पुसली जात होती, आणि राणी आपल्या महालात ती लपवून पूजत होती. जुन्या बखरींत एक गोष्ट येते. राजाच्या विदूषकानं तिला चित्राचा मुका घेताना पाहिलं आणि राजाला जाऊन सांगितलं. तिनं उत्तर दिलं की त्या मुलींच्या बाहुल्या होत्या. तिची आई नातींना गुपचूप नमस्कार करायला शिकवायची असंही सांगतात. परक्या मताच्या घरात आपला देव्हारा सांभाळणाऱ्या बाईची ही गोष्ट आहे. पाच वर्षं तू स्वयंपाकघरातल्या कपाटात दत्ताचा फोटो ठेवून उदबत्ती लावतेस, हे तूच लिहिलं आहेस. 842 साली नवरा वारला, मुलगा दोन वर्षांचा, कारभार तिच्या हाती आला, आणि 843 च्या मार्चमध्ये तिनं चित्रपूजा परत सुरू केली. त्याचा उत्सव ग्रीक चर्च दर वर्षी ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासाच्या पहिल्या रविवारी करतं. तिचा देह कोर्फू बेटावरच्या चर्चमध्ये ठेवलेला आहे.

आर्टा गावची थेओदोरा तेराव्या शतकातली. एपिरसच्या राजानं दुसरी बाई ठेवून हिला घराबाहेर काढलं. तान्ह्या मुलाला घेऊन पाच वर्षं ती रानोमाळ राहिली. पुढे परत आली, आणि आज गाव ओळखलं जातं तिच्या नावानं, राजाच्या नाही. पेलोपोनेसमध्ये वास्ता गावाजवळ एका थेओदोरेचं एवढंसं दगडी देऊळ आहे, त्याच्या छपरातून सतरा झाडं उगवली आहेत. आख्यायिका अशी की ती पुरुषवेष करून लढायला गेली, मारली गेली, आणि मरताना म्हणाली, माझ्या देहाचं देऊळ होवो, केसांची झाडं होवोत, रक्ताची नदी होवो. आणि आपल्याच काळातली हवी असेल तर दोरा बाकोयानी. 2004 च्या ऑलिम्पिकच्या वेळी अथेन्सची महापौर होती, त्या पदावरची पहिली बाई. पुढे परराष्ट्रमंत्री झाली. दोरा हे थेओदोराचंच घरगुती रूप.

एक थेओदोरा मात्र मी मुद्दाम मागे ठेवली. तिच्याकडे तुला चालत जाता येईल. तुझ्या शहराच्या मध्यवस्तीत संत थेओदोरेचा मठ आहे. ती 812 साली एजिना बेटावर जन्मली, अरबांच्या हल्ल्यांमुळे घरच्यांबरोबर थेसालोनिकीला आली, नवरा वारल्यावर मठात गेली आणि 892 मध्ये तिथेच वारली. तिची मुलगीही त्याच मठात जोगीण होती. तिच्या चरित्रात लिहिलंय की आईचा जीव मुलीत फार अडकतो हे पाहून मठाच्या प्रमुख बाईनं दोघींना एकमेकींशी बोलायची बंदी केली. दोघी एकाच खोलीत राहायच्या, शेजारी बसून कामं करायच्या, आणि पंधरा वर्षं एक शब्द बोलल्या नाहीत. चरित्रकार याकडे साधना म्हणून बघतो. मी वाचलं तेव्हा मला रडू आलं. आज तुझ्या घरात तुम्ही तिघं आहात, एकाच स्वयंपाकघरात वावरता, आणि एका शब्दाबद्दल चार महिने कुणीच बोललेलं नाही. तुम्हाला तर कुणी बंदीही केलेली नाही.

आता नावाच्या अर्थाकडे येते. तू पत्रात अर्थ लिहिलाच नाहीस. बहुधा कुणी सांगितला नसावा.

‘थेओस’ म्हणजे देव. ‘दोरोन’ म्हणजे दिलेली वस्तू, भेट. थेओदोरा म्हणजे देवाची देणगी, देवानं दिलेली. मराठीत करायचं तर देवदत्ता. आता तुझ्या आईला फोन लाव आणि विचार, ‘दत्त’ या शब्दाचा अर्थ काय? अत्री ऋषींना दिलेला तो दत्त, अत्रींचा मुलगा म्हणून आत्रेय. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर तुझ्या घरच्यांनी पिढ्यान्पिढ्या ज्याच्या पादुकांवर डोकं टेकलं, त्याच्या नावाचा अर्थच ‘दिलेला’ असा आहे. हा नुसता योगायोग नाही. ग्रीक ‘दोरोन’ आणि आपलं ‘दान’ एकाच मुळातून फुटलेले शब्द आहेत, भाषांचे अभ्यासक याबद्दल निःशंक आहेत. (‘थेओस’ आणि ‘देव’ मात्र कानाला सारखे वाटले तरी एका कुळातले नाहीत. ‘देव’चं नातं लॅटिन ‘देउस’शी आहे. आईला सांगताना एवढं जपून सांग, कुणी चूक काढायला नको.)

हे नाव आपल्या उपखंडाला परकंही नाही. स्वात खोऱ्यात सापडलेल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका अस्थिपात्रावर खरोष्ठी लिपीत लेख आहे. थेउदोर नावाच्या ग्रीक अधिकाऱ्यानं शाक्यमुनी भगवंतांच्या अस्थी बहुजनांच्या कल्याणासाठी इथे स्थापन केल्या, असं त्यात म्हटलंय. म्हणजे बुद्धाच्या पायाशी बसलेला थेओदोरोस. मध्य प्रदेशात विदिशेजवळ गरुडस्तंभ आहे, तो इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस उभारला हेलिओदोरोसनं, म्हणजे ‘सूर्यदत्ता’नं. तक्षशिलेहून आलेला हा ग्रीक राजदूत त्या लेखात स्वतःला भागवत म्हणवतो, वासुदेवाचा भक्त. आणि आपल्या नाशिकला, पांडवलेण्यांतल्या सतरा नंबरच्या लेण्यात, ते लेणं कोरवून घेणाऱ्याचं नाव आहे इंद्राग्निदत्त. उत्तरेकडून आलेला यवन, धर्मदेवाचा मुलगा. त्या ग्रीकाचं मूळ नाव काहीही असो, आपल्या भूमीत त्यानं जे नाव मिरवलं त्याच्या शेवटी ‘दत्त’ आहे. मराठी घरांत मिलिंद नाव सर्रास ठेवतात, आणि बौद्ध परंपरेतला तो मिलिंद राजा म्हणजे ग्रीक मेनान्द्रोस. तेव्हा नावं ये-जा करतच आली आहेत.

याच लेखांमुळे आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तू म्हणतेस आईला ‘थिओडोरा’ म्हणता येत नाही, जीभ अडखळते. अगं, ते इंग्रजी वळण आहे! ग्रीकांना तो कडक ड चालतच नाही. त्यांचा उच्चार थेओदोरा, दगडातल्या द च्या जवळचा, पण त्याहून मऊ, आणि जोर ‘दो’वर. आपल्याकडच्या लेखनिकांनीही दोन हजार वर्षांपूर्वी ‘दोर’ असंच लिहिलं. तुझी आई मराठी वळणानं म्हणेल तेव्हा ती लंडनच्या बाईपेक्षा तुझ्या सासूबाईंच्या जास्त जवळ असेल.

‘पण ख्रिस्ती नाव.’ हो, आज ते ग्रीसमध्ये संतांचं नाव म्हणूनच ठेवलं जातं, हे झाकायचं कारण नाही. पण ख्रिस्ताच्या जन्माआधी पाच-सहा शतकं सामोस बेटावर थेओदोरोस नावाचा शिल्पकार होता, उत्तर आफ्रिकेतल्या किरीनी या ग्रीक शहरात त्याच नावाचा गणिती होता. त्याच किरीनीचा एक तत्त्वज्ञ थेओदोरोस तर ‘नास्तिक’ या टोपणनावानं प्रसिद्ध झाला. देवाची देणगी असं नाव लावून माणूस देवच नाकारू शकला. दस्तयेवस्कीचं फ्योदोर हेही हेच नाव, डोरोथी म्हणजे हेच दोन तुकडे उलटे जोडलेले. नाव एकट्यानं कुणाला कुठल्या धर्मात नेऊन बसवत नाही.

बाप्तिस्मा हा प्रश्न वेगळा आहे आणि तो वेगळाच ठेव. तुमच्या घरात हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत, त्यामुळे कुठल्याच गाठीला हात घालता येत नाही. ग्रीसमध्ये कायद्यानं नाव पडतं ते नोंदणी कार्यालयात आईवडिलांनी दिलेल्या निवेदनानं, चर्चमध्ये नव्हे. बाप्तिस्मा न करता थेओदोरा ठेवता येतं, आणि बाप्तिस्मा करून दुसरं नावही. त्या विधीबद्दल तुला काय वाटतं, त्यात तुझी जागा कुठली असेल, हे नवऱ्याशी स्वतंत्रपणे बोल. त्याची घाई नाही. नावाची आहे, कारण पोरगी आता ‘बेबा’ला वळून बघायला लागली असेल.

आता तुझं ते वाक्य, ‘आपल्याकडे निदान आईला विचारतात.’ विचारतात का गं? बारशाला बाळाच्या कानात नाव कोण सांगतं? आत्या. बाळाला पाळण्याखालून वरून देत ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणतात तेव्हा आई कुठे असते? एका पाटावर, डोक्यावर पदर घेऊन. ग्रीसमध्ये पूर्वी गावोगावी अशी रीत होती की बाप्तिस्म्याला आईनं जायचं नाही, घरी थांबायचं, आणि नाव पुकारलं की पोरं पळत सुटायची, जो आधी येऊन आईला नाव सांगेल त्याला पैसे मिळायचे. दोन्हीकडे नाव आईपर्यंत दुसऱ्याच्या तोंडून पोचायचं. आपल्याकडे तर लग्नात ताटातल्या तांदळात नवऱ्यानं बायकोचंच नवं नाव लिहायचं. ग्रीसमध्ये 1983 च्या कायद्यापासून बाईचं लग्नाआधीचं आडनाव कायम राहतं. तुझंही आज तुझंच आहे. मी हे आपली रीत हिणवायला सांगत नाही. आपल्या आयांना जे मिळालं नाही ते तुला हवं आहे, आणि ते तुला मिळायलाच हवं. फक्त त्याची लढाई सासूबाईंच्या नावाशी नाही.

जिवंत माणसाचं नाव ठेवत नाहीत, हा आईचा आक्षेप मला खरा वाटतो. आपल्याकडे आजोबा गेल्यावर नातवाला त्यांचं नाव येतं. असताना ठेवलं तर पोराला रागवायचं कसं, सुनेनं ते नाव तोंडातून काढायचं कसं? माझं स्वतःचं पत्रिकेतलं नाव गोदावरी, पणजीचं. ती गेली त्याच वर्षी मी जन्मले. घरात त्या नावानं मला कुणी कधी हाक मारली नाही, पण आजी तेल लावताना हळूच म्हणायची. ग्रीकांचं उलट आहे. आजीनं आपल्या कानांनी आपलं नाव अंगणात खेळताना ऐकावं, यात त्यांना आशीर्वाद वाटतो. एकच नाव असलेली चार चुलत भावंडं एका घरात सापडतात, आणि मग कुणी दोरा, कुणी थेओदोरूला. आईला हे समजावून सांग, पण तिला पटलंच पाहिजे असा हट्ट धरू नकोस. तिला वाईट वाटण्याचा हक्क आहे. दोन हजार कोसांवर नात आहे आणि तिच्या घरातलं काहीच त्या पोरीला मिळत नाही, हे तिचं खरं दुःख आहे, बाकी कारणं वरवरची आहेत.

म्हणून मला वाटतं, आईच्या बाजूनंही काहीतरी पक्कं दे. ग्रीसमध्ये दोन नावं नोंदवता येतात. आपल्याकडे तर पाळण्यातलं वेगळं, राशीचं वेगळं, हाक मारायचं वेगळं हे चालत आलेलंच आहे. तेव्हा दोन नावांत मुलगी दुभंगेल ही भीती सोड. एजियन बेटांवरच्या काही ठिकाणी, कार्पाथोसला तर ठळकपणे, पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव देतात, तिची मिळकतही त्या मुलीकडे जाते. म्हणजे तुझ्या आईचं नाव घालायचं म्हटलंस तर तेही ग्रीक रिवाजाबाहेरचं नाही. नवऱ्याला हे सांगून बघ.

मराठी नाव निवडताना मात्र ते ग्रीक अक्षरांतून गाळून बघ. त्यांच्याकडे श नाही, शर्वरीची सर्वरी होते. च ऐवजी त्स येतो. शब्दाच्या सुरुवातीचा आपला द किंवा ब लिहायला त्यांना दोन अक्षरं जोडावी लागतात, आणि तेच पासपोर्टच्या रोमन लिपीत उतरलं की देविकाच्या सुरुवातीला एन आणि टी येऊन बसू शकतात. तेव्हा रोमन स्पेलिंग कसं होणार हे नोंदणीच्या खिडकीवरच विचारून घे, नंतर भारतातल्या कागदांशी जुळवत बसणं फार जिकिरीचं होतं. मीरा तू सुचवलं होतंस. ग्रीक कानाला ते ‘नशीब’ या अर्थाचं त्यांचं ‘मीरा’ ऐकू येतं, वाईट नाही, पण माहीत असावं. मला स्वतःला इरा आवडतं. आपल्याकडे इरा म्हणजे पृथ्वी, वाणी. आणि त्यांच्या हेरा देवीचं नाव आजच्या ग्रीकमध्ये ‘ईरा’ असंच उच्चारतात. थेओदोरा इरा. तुझ्या आईनं इरा म्हणावं, त्यांनी दोरा म्हणावं.

आणि तुला थेओदोरा नकोच असेल तर? तर नाही म्हण. खरंच. तुझ्या मनात दुसरं एखादं नाव गरोदरपणापासून घोळत असेल, त्या नावानं तू तिच्याशी पोटात असताना बोलली असशील, तर ते कुठल्याही रिवाजापेक्षा मोठं आहे, आणि नोंदणीला तुझी संमती लागतेच. पण तुझ्या पत्रात मला असं नाव दिसलं नाही. मला फक्त थेओदोराला नकार दिसला, आणि तोही नावाला कमी, न विचारण्याला जास्त. एवढं मनाशी तपासून बघ. नाव आवडत नाही, की ते न मागता घेतलं जातंय असं वाटतं? दुसरं असेल तर इलाज नाव बदलण्यात नाही, विचारायला लावण्यात आहे.

नवऱ्याशी सुरुवात कर. ‘तू ठरव’ हे वाक्य दिसायला उदार आहे, पण त्यानं ओझं सगळं तुझ्यावर टाकलंय. आई दुखावली तर तुझ्यामुळे, बायको दुखावली तर तिच्याच निर्णयामुळे. त्याला सांग, मला तुझी परवानगी नको, तुझं मत हवं. तुला हे नाव हवंय का, आईसाठी नाही, तुझ्यासाठी? त्याला उत्तर द्यायला वेळ लागेल, लागू दे. मुलगी तुझी राहणार की नाही याची भीतीही त्याला सांग, याच शब्दांत. माझा अंदाज आहे, त्याला ही भीती माहीतच नाही. तिला रात्री तू कुठल्या भाषेत थोपटतेस यावर पुष्कळ ठरणार आहे. ते अजून तुझ्या हातात आहे, आणि नावाच्या नोंदीनं ते जात नाही.

ज्या मैत्रिणी अशाच पेचात असतील, मग सासर ग्रीक असो, तमिळ असो की पलीकडच्या गल्लीतलं, त्यांनीही इंटरनेटवर नावाचा अर्थ शोधायच्या आधी ते नाव लावणाऱ्या माणसाकडे जावं. थेसालोनिकीत हे विशेष. 1923 च्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्येच्या अदलाबदलीत आशिया मायनरमधून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, लाखो माणसं ग्रीसला आली, त्यातली कितीतरी या शहरात उतरली. घरं, शेतं, देवळं तिकडेच राहिली, आजीचं नाव तेवढं बरोबर आलं. तुझ्या सासरचं तसं आहे का, मला माहीत नाही. तुलाही नाही, असं पत्रावरून दिसतं.

मोठ्या उपवासाचा पहिला शनिवार संत थेओदोरांचा असतो. त्या दिवशी चर्चमध्ये कोलिवा नेतात, म्हणजे उकडलेले गहू, त्यात साखर, मनुका, बदाम, डाळिंबाचे दाणे. गोष्ट अशी सांगतात की सम्राट जुलियननं बाजारातलं सगळं अन्न बळीच्या रक्तानं बाटवलं, तेव्हा संत थेओदोर स्वप्नात आला आणि म्हणाला, बाजारातलं घेऊ नका, घरातले गहू उकडून खा. आपण बारशाला घुगऱ्या वाटतो, त्याच्या फार जवळचं हे ताट आहे, जरी ते कोलिवा मृतांच्या स्मरणालाही करतात. तो शनिवार लांब असेल तर थांबू नकोस. एक दिवस गहू भिजत घाल आणि सासूबाईंना म्हण, मला कोलिवा शिकवा. डाळिंब सोलायला दोघी बसा. हात कामात असले की बोलणं सोपं जातं. आणि मग विचार, ‘याया (म्हणजे आजी), तुम्हाला हे नाव कुणाचं मिळालं? ती थेओदोरा कशी होती?’

त्या जे सांगतील ते मला कळव. दुपट्यावर दुसरं अक्षर भरायला कोपरे अजून तीन शिल्लक आहेत.

तुझी,
ताई